हस्कीचा मुखवटा आणि सिल्वासाचा उन्हाळा
सायबेरियन हस्कीचे पिल्लू घेताना नजर प्रथम चेहऱ्यावर जाते. डोळ्यांभोवतीचा काळा-पांढरा मुखवटा आणि निळे डोळे हीच अस्सलपणाची खूण मानली जाते. हा समज चुकीचा आहे. या जातीच्या मानकात बहुतेक सर्व रंग व खुणा ग्राह्य आहेत. डोळे तपकिरी, निळे किंवा एक तपकिरी व एक निळा असू शकतात. पिल्लाचा गडद मुखवटा तर वाढत्या वयात अनेकदा फिकट होतो.

जातीचे खरे वैशिष्ट्य आहे ते तिच्या दुहेरी केसांत. ईशान्य सायबेरियातील चुकची लोकांनी बर्फावरून गाड्या ओढण्यासाठी हा श्वान जोपासला. आतली दाट लव थंडी अडवते. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. दमट हवेत हा उपाय अपुरा पडतो. दमणगंगेकाठच्या सिल्वासात उन्हाळ्याच्या अखेरीस नेमकी तशीच हवा असते.

म्हणून या दिवसांत हस्कीला पहाटेच फिरवावे, सावली व पाणी सदैव उपलब्ध ठेवावे. केस मात्र भादरू नयेत. ते त्वचेचे उन्हापासून रक्षण करतात. धाप थांबेना किंवा तोल जाऊ लागला, तर अंगावर गार पाणी ओतून तत्काळ पशुवैद्यक गाठावा. पिल्लाचा चेहरा पाहण्यापूर्वी आपले घर दुपारी किती तापते, हे पाहणे अधिक आवश्यक आहे.