वाटी, चमचा अन् रोजची दहा मिनिटं. तीन वर्षांच्या आतल्या बाळाशी घरच्या घरी काय खेळायचं?

सोयाबीनची काढणी सुरू झाली की घरातली धडधाकट माणसं सगळी शेतात. घरी उरतात आजी आणि बाळ. बाळ रडायला लागलं की आजी झोळीत टाकून झोका देते, नाहीतर मोबाईलवर गाणी लावून त्याच्या पुढ्यात ठेवते. बाळ गप होतं, आजीची भाजी निवडून होते. यात आजीला दोष देता येत नाही, तिलाही दोनच हात. पण बाळ गप बसलं म्हणजे त्याचं बरं चाललंय, असं मात्र नसतं.

जन्मापासूनची पहिली दोन-तीन वर्षं मेंदूच्या वाढीची. दोन वर्षांच्या लेकराचा मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण ८० टक्के झालेला असतो. या वाढीला दूध, वरण-भात, अंडं लागतंच. त्याच्या जोडीला बाळाशी बोलणारं, खेळणारं माणूसही लागतं. पिकाला खत टाकलं आणि पाण्याची पाळी चुकवली तर काय होतं, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

बाळाला उत्तर पाहिजे असतं

दोन-तीन महिन्यांचं बाळ 'अंऽ', 'आऽ' असा आवाज काढतं. आई त्याच्याकडे बघून तसाच आवाज काढते, हसते. बाळ पुन्हा आवाज काढतं. बघायला साधी गोष्ट, पण बोलणं शिकायची सुरुवात इथूनच होते. आपण काही केलं की समोरून उत्तर येतं, हे बाळाला कळतं. मोबाईल दिवसभर बोलतो, गातो. पण बाळाने आवाज काढला तर तो थांबून ऐकत नाही.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं, की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला स्क्रीन दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एक तासापेक्षा जास्त नको. पुण्याला कामाला गेलेल्या बापाशी व्हिडिओ कॉलवर बोलणं वेगळं. तिथे समोरचं माणूस उत्तर देतं.

खेळाने खरंच फरक पडतो का, याचं उत्तर जमैका देशात मिळालं. १९८० च्या दशकात तिथल्या गरीब वस्तीतल्या, वाढ खुंटलेल्या लहान मुलांच्या घरी आरोग्य सेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जात. सोबत घरीच बनवलेली खेळणी असत. बाळाशी कसं खेळायचं, ते आईला करून दाखवायच्या. वीस वर्षांनी पाहणी झाली तेव्हा ही मुलं, खेळाचा असा आधार न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. महागडी खेळणी त्यात कुठेच नव्हती.

वयाप्रमाणे काय खेळायचं?

जन्म ते ६ महिने : नवीन बाळाला वीत-सव्वा वीत अंतरावरचंच नीट दिसतं. अंगावर पाजताना आईचा चेहरा बरोबर तेवढ्याच अंतरावर असतो. तेव्हा त्याच्याकडे बघून बोला. तेल लावताना 'हा हात, हा पाय' असं नाव घेऊन चोळा. बाळ जागं असताना गोधडीवर थोडा वेळ पालथं ठेवा आणि समोर बसा. मान आणि खांदे बळकट होतात. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, मग वाढवत दिवसभरात मिळून अर्धा तास. दूध पाजल्याबरोबर लगेच नको, आणि झोपवताना मात्र पाठीवरच. दिवसभर झोळीत राहिलेल्या बाळाला हात-पाय मारायला जागा मिळत नाही, म्हणून जमिनीवरचा वेळ ठरवून द्यायचा.

६ ते १२ महिने : आता स्वयंपाकघर हेच खेळण्यांचं दुकान. स्टीलची वाटी, लाकडी चमचा, पातेल्याचं झाकण पुढ्यात टाका. वाजवू द्या, आपटू द्या. पदराआड तोंड लपवून 'बुवा कुक' करा. डोळ्याआड गेलेली वस्तू नाहीशी होत नाही, हे बाळाला याच खेळातून उमगतं. वाटीखाली चेंडू लपवून शोधायला लावा. बाळ वस्तू मुद्दाम खाली टाकतं तेव्हा रागावू नका, टाकल्यावर काय होतं ते ते बघत असतं.

१ ते २ वर्षं : एकात एक बसणाऱ्या वाट्या, डब्यात टाकून पुन्हा काढायचे मोठे कांदे, ओढायला दोरी बांधलेलं खोकं. भाकरी थापताना पिठाचा गोळा हातात द्या. दारात बसून 'गाय कुठंय? कोंबडी कुठंय?' विचारा. बाळाने नुसतं बोट दाखवलं तरी 'हां, ती बघ गाय, चारा खातेय' असं पुढे बोला. चालायला शिकताना लाकडी पांगुळगाडा ढकलू द्या, माणूस सोबत पाहिजे. बाळाला आत बसवायचा गोल प्लॅस्टिकचा वॉकर टाळा. त्याने बाळ लवकर चालत नाही, उलट उंबऱ्यावरून, पायरीवरून पडतं. कॅनडाने तर २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे.

२ ते ३ वर्षं : जुन्या कॅलेंडरमधली चित्रं दाखवून गोष्ट सांगा. चिंधीची बाहुली करून तिला जेवू घालायला, झोपवायला लावा. धुतलेल्या कपड्यातून 'बाबांचा शर्ट कोणता?' ते शोधू द्या. काठीने मातीत रेघोट्या मारू द्या.

बोलायचं कोणत्या भाषेत? घरात जी आहे तिच्यात. अहिराणी असो, गोरमाटी असो की गोंडी. घरच्या भाषेत भरपूर बोललेलं लेकरू पुढे शाळेची भाषाही शिकतं.

वेळ कुठून आणायचा?

वेगळा वेळ काढायचाच नाही. आंघोळ, जेवण, भाजी निवडणं, डेअरीला दूध घालून आल्यावरची दहा मिनिटं, यातच खेळ बसतो. हे फक्त आईचं काम नाही. आजी, आजोबा, बाप सगळ्यांना जमतं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात थोरली बहीण बाळाला सांभाळते; तिलाही दोन खेळ शिकवून ठेवा. पण ती स्वतः लहान आहे, हे विसरू नका.

हे मात्र जपा

- कीटकनाशक, तणनाशकाची रिकामी बाटली किंवा झाकण कितीही धुतलं तरी खेळायला देऊ नका.
- शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी, नाणी बाळाच्या हाताला लागता कामा नयेत. श्वासनळीत अडकतात. बाटलीत दाणे घालून खुळखुळा केला तर झाकण पक्कं चिकटवा आणि बाळाजवळ बसा.
- रिमोट, खेळण्यातला बटणासारखा सेल गिळला तर अन्ननलिका जळते. तसा संशय आला तरी ताबडतोब दवाखाना गाठा.
- भरलेली बादली, हौद यांच्याजवळ बाळ क्षणभरही एकटं नको.

'बापावर गेलंय' म्हणून थांबू नका

प्रत्येक मूल आपल्या गतीने वाढतं. कुणी नवव्या महिन्यात चालतं, कुणी सतराव्या, दोन्ही ठीक. त्यामुळे शेजारच्या बाळाशी तुलना नको. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय प्रसूतीच्या दिलेल्या तारखेपासून मोजायचं. पण काही खुणा दिसल्या तर 'याचा बाप पण उशिराच बोलला' म्हणत वर्ष घालवू नये :

- ६ महिने : मान धरत नाही, आवाजाकडे वळत नाही
- ९ महिने : आधाराशिवाय बसत नाही
- दीड वर्ष : चालत नाही, एकही शब्द बोलत नाही
- २ वर्षं : 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडत नाही
- कोणत्याही वयात : आधी जमत होतं ते बंद झालं

कमी ऐकू येणं हे उशिरा बोलण्याचं एक कारण असतं. ते लवकर सापडलं तर उपाय लवकर सुरू होतो. दोन-तीन वर्षं वाया गेली तर तेवढं भरून काढणं अवघड जातं.

कुठे विचारायचं?

पहिल्यांदा घरातलं माता-बाल संरक्षण कार्ड उघडा. लसीच्या तारखांसोबत कोणत्या महिन्यात बाळाला काय यायला हवं, त्याची चित्रं त्यात आहेत. आशाताईंनी ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात घरी येऊन बाळाची वाढ बघायची असते. त्या आल्या की वजनासोबत बाळ काय करतं, तेही सांगा. तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी केंद्राने २०२४ मध्ये 'नवचेतना' हा आराखडा आणला. त्यात महिन्यानुसार १४० खेळ-कृती आहेत. अंगणवाडीताईंकडे त्याची चौकशी करा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासतं. ते येण्याचा दिवस ताईंकडून विचारून घ्या आणि त्या दिवशी बाळाला घरी ठेवू नका. वरच्या यादीतली खूण दिसत असेल तर पथकाचीही वाट बघू नका, थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गरज पडली तर तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवतात.