दाढीचा फेस : साबण थोडा, पाणी बेताचे, धीर पुरेसा

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत नोकरदार माणसाची सकाळ घड्याळाच्या काट्यावर चालते. नळाचे पाणी, मुलांची शाळा, डबा आणि लोकल यांतून दाढीच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे येतात. मग डब्यातला तयार फेस गालाला फासायचा, नाहीतर अंगाचाच साबण चोळायचा आणि रेझर ओढायचा. परिणाम चेहऱ्यावर दिसतो. हनुवटीवर काप, मानेवर लाल पुरळ, गालाची आग. दोष मात्र ब्लेडला दिला जातो. खरे तर दाढीचे बरेचसे काम ब्लेड लागण्यापूर्वीच, ब्रश आणि साबणाने व्हायचे असते.

आपल्या समाजात हे काम घरच्या घरी होत असे आणि त्यामागे कडवट इतिहास आहे. गावचा न्हावी अस्पृश्यांची हजामत करीत नसे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत साताऱ्याची हकिगत सांगितली आहे. गावात न्हावी होते, पैसे देण्याची ऐपतही होती; तरी भावंडांचे केस थोरल्या बहिणीलाच कापावे लागत. सरावाने ती त्यात तरबेज झाली होती.

पुढे २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत भेदभावबंदीच्या कलमावर चर्चा चालू असताना ‘दुकान’ या शब्दात हजामतीचे सलून येते काय, असा प्रश्न निघाला. येणाऱ्या कोणालाही मालक जिथे सेवा देण्यास तयार असतो ती जागा म्हणजे दुकान, असा व्यापक अर्थ बाबासाहेबांनी सांगितला. अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही त्याच दिवशी मंजूर झाले. १९५५ च्या कायद्याने, ज्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखतो, अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरला. सलूनच्या खुर्चीत आज आपण हक्काने बसतो. पण आपल्या माणसांनी अपमान सोसून जे कसब कमावले, ते घरातून जाऊ देण्याचे कारण नाही.

फेस कशासाठी?

पुष्कळांना वाटते, फेस जितका फुगलेला तितका चांगला. तसे नाही. फुगलेल्या फेसात हवाच जास्त असते. फेसाची कामे दोन : केसाला पाणी धरून ठेवणे आणि ब्लेडला घसरण देणे. केस पाणी शोषतो, फुगतो व मऊ होतो. दाढीचा केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असतो, तरीही त्याने ब्लेडच्या धारेचे बारीक टवके उडतात, हे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले. म्हणून दाढी आंघोळीनंतर करावी, किंवा दोन-तीन मिनिटे तरी कोमट पाण्याने चेहरा भिजवावा.

फेस कसा करावा?

ब्रश नैसर्गिक केसांचा असेल तर तो कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवावा. नायलॉनचा ब्रश पाणी शोषत नाही. तो नुसता बुडवला तरी पुरे. मग ब्रश झटकावा. त्यातून पाणी टपकता कामा नये, पण तो कोरडाही नसावा. दाढीच्या साबणावर तो अर्धा मिनिट गोल फिरवावा. आधी मोठाले बुडबुडे येतील. तिथे थांबू नये. ब्रशच्या टोकांना दाट लगदा लागला की साबण पुरेसा झाला.

आता तो ब्रश स्टीलच्या वाटीत किंवा थेट गालावर फिरवावा आणि पाणी थेंबाथेंबाने घालावे. इथेच घाई नडते. पाणी कमी असेल तर फेस चक्क्यासारखा कोरडा, निस्तेज दिसतो व गालावर लगेच सुकतो. जास्त झाले तर बुडबुडे येऊन ओघळतो. बेतशीर झाले की तो श्रीखंडासारखा गुळगुळीत व चकचकीत होतो आणि ब्रश उचलताच त्याचे टोक अलगद वाकते. चिमटीत धरून पाहावे. बोटे सहज घसरली पाहिजेत.

फेस केसांच्या मुळाशी गोल गोल जिरवावा. ब्लेड केसांच्या दिशेने, न दाबता चालवावे. पुन्हा फिरवायचे तर पुन्हा फेस लावावा. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी उलटे ब्लेड फिरवू नये; केस कातडीत वळून फोड येतात.

पाण्याचा दोष

साबण तोच, ब्रश तोच, तरी फेस धरत नाही, अशी तक्रार आम्ही ऐकतो. अशा वेळी पाणी तपासावे. महापालिकेचे पाणी तानसा, वैतरणा, भातसा, विहार, तुळशी अशा तलावांचे, म्हणजे पावसाचे साठलेले पाणी आहे; ते सौम्य असते. बोअरिंगचे पाणी मात्र बहुधा जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका होतो. बादलीच्या कडेला जमणारा करडा थर तोच. ज्या इमारतीत वापरायला बोअरिंगचे पाणी येते, तिथे दाढीसाठी पिण्याच्या पाण्याचा एक तांब्या वेगळा काढावा. तेही नसेल तर पाणी उकळून, निवळून घ्यावे. जडपणा काही अंशी कमी होतो.

काही पथ्ये

ब्लेड बापलेकांतही एक नको. ब्लेडला लागलेल्या रक्तातून कावीळ ब आणि क तसेच एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. सलूनमध्येही नवे ब्लेड डोळ्यांदेखत लावून घ्यावे. त्यात संकोच कसला? ब्रश धुऊन, झटकून मोकळ्या हवेत टांगावा. पावसाळ्यात तो बंद डबीत ठेवला तर बुरशी धरते.

शेवटी भगिनींनाही एक सांगणे. हे काम पुरुषांपुरते नाही. घरातील वृद्ध किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दाढी मुलीला, सुनेला, पत्नीला करावी लागते. म्हातारपणी कातडी पातळ व सैल होते. मधुमेह असेल तर जखम लवकर भरत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्त लवकर थांबत नाही. तिथे दाट, ओला फेस हीच मोठी काळजी. कोमट पाण्याचा रुमाल चेहऱ्यावर ठेवा, वाटीत सावकाश फेस करा, एका हाताने कातडी ताणून धरा. दाढी झाल्यावर स्वच्छ चेहऱ्याने उशीला टेकून बसलेला माणूस किती ताजातवाना दिसतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या दहा मिनिटांचे मोल वेगळे सांगायला नको.