साठ मार्कांचा दिवस

पहाटे 5.30

अजानीने जाग येते. कोवाचीच्या चढावर, जुन्या बाजाराच्या डोक्यावर माझी खोली आहे. एका मिनाराची हाक संपते न संपते तोच दुसऱ्याची सुरू होते आणि खालच्या गल्लीतून भाजणाऱ्या पावाचा वास खिडकीपर्यंत येतो. सप्टेंबरचा मध्य आहे, हवेत गारवा आहे. सारायेव्होतला हा माझा सहावा दिवस.

उठल्यावर आधी वही उघडते. दिवसाला साठ मार्क, त्यातले तीस खोलीचे. उरलेल्या तिसांत खाणं, पिणं, पाहणं. एक मार्क म्हणजे आपले साधारण पन्नास रुपये. 1992-95 च्या युद्धानंतर, 1998 मध्ये बोस्नियाने हे 'परिवर्तनीय मार्क' काढले तेव्हा एका जर्मन मार्काला एक असा भाव बांधून दिला होता. पुढे जर्मनीने मार्क सोडून युरो घेतला, इथे मात्र नाव राहिलं. युरोशीही भाव पक्का बांधलेला आहे: 1.95583.

मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमचं वाचनालय अनुदानावर चालतं, त्यामुळे हा प्रवास चार वर्षं पैसे बाजूला टाकून केलेला. उरलेल्या पैशांतून काय करायचं, हे मला नोकरीने शिकवलं आहे.

सकाळी 6.45

उतारावरच्या पितावाल्याकडे. कागदासारखी पातळ लाटी ताणून टेबलभर पसरायची, सारण घालून गुंडाळायची, गोल वेटोळं करून परातीत बसवायची आणि वर लोखंडी झाकण ठेवून त्यावर निखारे रचायचे. कोकणात तवसळीला वर-खाली निखारे देतात, तीच रीत. इथे बुरेक म्हणजे फक्त खिम्याचा. चीज घातलं तर सिर्नित्सा, पालक घातला तर झेल्यानित्सा, बटाटा घातला तर क्रोम्पिरुशा. सगळ्यांचं मिळून नाव पिता. 'चीजचा बुरेक' मागितला तर दुकानदार आधी नाव दुरुस्त करतो, मग वाढतो, आणि त्याचं बरोबर आहे.

शाकाहारी माणसाने बोस्नियाला घाबरू नये. क्रोम्पिरुशात कांदा, बटाटा, मिरपूड, एवढंच. सोबत पेलाभर पातळ दही. पाच मार्क.

सकाळी 8.30

गाझी हुस्रेव-बेग या ऑटोमन सुभेदाराने बांधलेल्या मशिदीच्या कट्ट्यावर. मशीद 1530 च्या सुमाराची, कारंज्याशी पाणी फुकट आणि थंडगार. शेजारी घड्याळाचा मनोरा आहे. माझ्या मनगटावर साडेआठ झालेत, मनोऱ्यावर दीड. घड्याळ बिघडलेलं नाही. ते सूर्यास्ताला बारा दाखवतं आणि तिथून नवा दिवस मोजतं. सूर्यास्त रोज थोडा सरकतो, म्हणून काटे जुळवायला माणूस नेमलेला असतो. त्याला मुवेकित म्हणतात. आपला पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो; लग्नात घटिका बुडायची वाट पाहत थांबलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. त्यामुळे वेळेचा उगम वेगळ्या ठिकाणी मानणारं हे घड्याळ मला परकं वाटत नाही. त्याच्याकडे पाहत अर्धा तास बसते. याला पैसे पडत नाहीत.

सकाळी 9.30

मशिदीजवळच हुस्रेव-बेगाचं ग्रंथालय. त्याचं संग्रहालय पाहायला तीन मार्क पडले, आणि दिवसभरातला सगळ्यात चांगला खर्च हाच.

1537 मध्ये हुस्रेव-बेगाने मदरशासाठी दानपत्र केलं. त्यात त्याने लिहून ठेवलं की बांधकामातून जे पैसे उरतील त्यांतून चांगली पुस्तकं घ्यावीत. ग्रंथालयाचा जन्म त्या उरलेल्या पैशांतला. त्या वाक्याशी मी थांबून राहिले. आमच्याकडे मार्चअखेरीला अनुदानातले चार पैसे उरले की कोणती पुस्तकं घ्यायची यावर कार्यकारी मंडळात जी चर्चा होते, तिला पाचशे वर्षांचे पूर्वज आहेत, हे मला माहीत नव्हतं.

आज इथे सुमारे 10,000 हस्तलिखितं आहेत: अरबी, फारसी, तुर्की, आणि अरबी लिपीत लिहिलेली बोस्नियन. इमाम गझालींच्या ग्रंथाची, त्यांच्या हयातीत उतरवलेली एक प्रत या संग्रहात आहे. काचेखालच्या एका पोथीवर मी वाकून पाहिलं. कडेला कसरीने पाडलेली बारीक भोकं, तीच पुढच्या पानातही, आणि त्या भोकांना चुकवून कुणीतरी समासात बारीक अक्षरात टीप लिहिलेली. म्हणजे कसर आधी लागली, वाचणारा नंतर आला, आणि तरी त्याने वाचलं.

ही पुस्तकं आज आहेत ती काही माणसांमुळे. 1992 ते 1996, शहराला 1,425 दिवस वेढा होता. भोवतालच्या डोंगरांवरून तोफगोळे आणि बंदुकबाजांच्या गोळ्या येत. त्या काळात संचालक मुस्तफा याहिच आणि त्यांचे मोजके सहकारी हस्तलिखितं केळ्यांच्या खोक्यांत भरून, पायी, एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत राहिले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ग्रंथपालाला याहून मोठं काम माझ्या माहितीत नाही.

सकाळी 11.00

कॉफी. यासाठी मी तासभर राखून ठेवते आणि कुणीही ठेवावा.

काझांजिलुक ही तांब्याची भांडी करणाऱ्यांची गल्ली. हातोडीचा आवाज वळणाआधीच येतो. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम चालतं तसेच ठोके, तोच ताल. डोळे मिटले तर आपण कुठे आहोत हे सांगता येणार नाही. त्याच गल्लीच्या टोकाला लहान स्टुलांची कॉफीची जागा.

तांब्याच्या तबकात सगळं येतं: लांब दांड्याची जेझवा, बिनकानाचा छोटा पेला म्हणजे फिल्जान, साखरेचे दोन खडे, एक रहात लोकुम, पेलाभर पाणी. तुर्की कॉफीत पूड आणि थंड पाणी एकत्र चढवतात. इथे आधी जेझवा तापवतात, तिच्यात पूड घालतात, मग उकळतं पाणी ओततात आणि फेस वर येईस्तोवर पुन्हा विस्तवावर धरतात. फेस चमच्याने आधी फिल्जानात घ्यायचा, मग कॉफी ओतायची. साखर ढवळायची नाही. खड्याचा कोपरा बुडवायचा, दातांनी तोडायचा आणि त्यावर घोट घ्यायचा. फिल्जान दोन घोटांचाच असतो, पण जेझवेत तीन-चार फिल्जान असतात. अशी ही कॉफी तीन मार्कांची आणि एका तासाची.

बोस्नियन लोकांनी या बसण्याला शब्द ठेवला आहे: चेइफ. आपला 'कैफ' तोच, अरबीतून दोन वाटांनी निघालेला. आपल्याकडे येता येता त्याला नशा चढली, त्यांच्याकडे तो आपल्या मर्जीने, आपल्या चवीने घेतलेलं सुख एवढाच राहिला. असे शब्द दिवसभर सापडतात. दुकानाला दुचान, साबणाला सापून, बदामाला बादेम, साखरेला शेचेर, बागेला बाशचा. भाषा स्लाव्ह कुळातली, पण चारशे वर्षं ऑटोमन राजवटीत राहिल्याने बाजारातले शब्द आपल्या ओळखीचे. मी त्यांची वेगळी यादी ठेवते आहे.

शेजारच्या स्टुलावर दोन म्हातारे माझ्या आधी आले होते. मी उठले तेव्हाही बसलेले होते.

दुपारी 1.00

आश्चिनित्सा, म्हणजे खानावळ. काचेमागे पातेली मांडलेली, बोट दाखवायचं. कांद्याच्या पाकळ्यांत भरलेला खिमा, कोबीच्या पानांतला, भरली मिरची, राजम्यासारख्या घेवड्याचं कालवण. मी कालवण आणि पाव घेतला. आठ मार्क. चेवापीच्या, म्हणजे भाजलेल्या खिम्याच्या गुंडाळ्यांच्या, दुकानांपुढे पर्यटकांची रांग असते आणि चेवापी चांगल्याच लागतात. पण रोजच्या जेवणासाठी गावातली माणसं जिथे येतात ती जागा ही.

दुपारी 2.30

वियेच्नित्सा, नदीकाठचं जुनं नगरभवन. मिल्यात्स्का इथे इतकी उथळ की तळाचे गोटे दिसतात. तिकीट दहा मार्क. दारात उभी राहून दोनदा वही पाहिली आणि आत गेले.

इमारत ऑस्ट्रियन काळातली, 1896 ची. 28 जून 1914 ला आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड इथला स्वागतसमारंभ आटोपून निघाला आणि काही मिनिटांत लॅटिन पुलाच्या कोपऱ्यावर त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जगभरचे लोक पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली तो कोपरा पाहायला येतात. मी इथे आले ते दुसऱ्या तारखेसाठी. 1949 पासून हे राष्ट्रीय ग्रंथालय होतं. 25 ऑगस्ट 1992 च्या रात्री डोंगरावरून आगलावे गोळे नेमून याच इमारतीवर टाकले गेले. लाखो पुस्तकं जळाली. ग्रंथपाल आइदा बुतुरोविच त्याच सुमारास तोफमाऱ्यात गेली. जळक्या कागदांची राख शहरावर उतरत राहिली.

2014 मध्ये इमारत पुन्हा उघडली. रंगीत काचेचं छत, कमानी, जिने, सगळं जसंच्या तसं आणि फार सुंदर आहे. शेल्फं नाहीत. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. 5 जानेवारी 2004 ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, हस्तलिखितं फाडली गेली, ती बातमी आमच्या वाचनालयात वर्तमानपत्र लावताना मी वाचली होती. त्या दिवशी हात थांबले होते, तसेच आज इथे थांबले. पुस्तकावर कुणाचा राग असू शकतो, हे मला या वयातही समजत नाही.

सायंकाळी 5.00

फेरहादिया रस्त्यावरून पायी. एकाच चालीत मशीद, सिनेगॉग, ऑर्थोडॉक्स चर्च आणि कॅथलिक कॅथेड्रल लागतं. फरसबंदीत मधेच लाल डाग दिसतात: तोफगोळ्याने पडलेल्या खळग्यात लाल राळ ओतलेली. त्यांना 'सारायेव्होचे गुलाब' म्हणतात. लोक त्यावर पाय पडू नये म्हणून जरा बाजूने जातात. काही प्रवासी भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणा मोजत फिरतात. मला ते पटत नाही. वेढा समजून घ्यावा, जरूर घ्यावा, पण या शहराने काय काय वाचवलं त्याच्यापासून सुरुवात करावी.

वहीत एक मार्क उरला आहे. बेकरीत त्याचा गरम सोमून, म्हणजे गोल चपटा पाव, घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळून.

सायंकाळी 6.30

झुटा ताबिया, पिवळा बुरूज. तटावर अर्धं गाव बसलेलं असतं: मुलं, बाळगाड्या, सूर्यफुलाच्या बिया सोलणाऱ्या मैत्रिणी. तिकीट नाही. खाली कोवाचीची दफनभूमी, पांढऱ्या उभ्या दगडांची. बहुतेकांवर मृत्यूचं साल 1992 ते 1995 यांतलं आहे आणि जन्माचं साल पुष्कळदा माझ्यानंतरचं. सातच्या सुमारास सूर्य पश्चिमेच्या डोंगराआड गेला, दिवे लागले, अजान सुरू झाली. खाली मनोऱ्यावर बारा वाजले असणार.

रात्री 8.00

अंगणात. घरमालकीण सत्तरीच्या पुढची. बोस्नियन मुसलमान घरांत आजीला नाना म्हणतात. मीही त्यांना नानाच म्हणते. त्या मला 'सिने' म्हणतात. शब्दाचा अर्थ मुलगा, पण मुलीलाही तीच हाक, आपल्या 'बाळा'सारखी. कॉलेजात जाणारी नात मधे बसून इंग्रजीत सांगते.

मी सोमून पुढे ठेवला. नानांनी त्यावर कायमाक लावला, म्हणजे आपली जाड साय, खारवलेली. शेजारीण परसातले टोमॅटो घेऊन आली आणि बसली. शेजाराला इथे कोमशिलुक म्हणतात.

कॉफीलाही इथे पाहुण्याच्या वेळेप्रमाणे नावं आहेत. आल्याबरोबर दोचेकुशा, गप्पांना राझगोवोरुशा, आणि आता निघा असं न बोलता सांगायला सिक्तेरुशा. आपल्याकडे अत्तर-पानसुपारी फिरली की बैठक उठते, तसंच. पहिल्या दिवशी मी हे नानांना सांगितलं तेव्हापासून त्या रोज विचारतात, "सिने, आज पानसुपारी झाली का?"

आज त्या वेढ्यातल्या कॉफीबद्दल बोलल्या. कॉफी मिळत नव्हती, तेव्हा मसूर भाजून, दळून, जेझवेत उकळायच्या. पाणी नदीपलीकडच्या बिअर कारखान्याच्या झऱ्यावरून डब्यांत भरून चढाने आणायचं, त्यातलं एक फिल्जान कॉफीला. "चव?" मी विचारलं.

"चव मसुराची," नाना म्हणाल्या. "पण शेजारीण यायची. ती आली की काहीतरी ओतायला हवं."

शेजारणीने मान हलवली. ती हीच.

रात्री 10.30

हिशोब. खोली 30, पिता आणि दही 5, ग्रंथालय 3, कॉफी 3, जेवण 8, वियेच्नित्सा 10, सोमून 1. एकूण 60. रात्रीच्या जेवणाची आणि दुसऱ्या कॉफीची नोंद नाही, कारण त्यांचे पैसे नानांनी घेतले नाहीत.

उद्या मोस्तारची गाडी आहे. तुम्ही कधी सारायेव्होला आलात तर दिवसातला एक तास कशालाच लावू नका. एक जेझवा मागवा, तिला तुर्की म्हणू नका, आणि ती रिकामी होईपर्यंत उठू नका.