पैसा कुणाचा, विषय कुणाचा

पुणे-दौंड मार्गावर केडगाव स्टेशनात उतरले की पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन जवळच आहे. दुष्काळात आणलेल्या मुली, छापखाना, मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर, ५ एप्रिल १९२२ चा त्यांचा मृत्यू, हे सारे दौंड तालुक्यात पुष्कळांच्या कानावरून गेलेले असते. पण केडगावला येण्याच्या डझनभर वर्षे आधी ही बाई इंग्लंडमधल्या एका नामांकित कॉलेजात संस्कृत शिकवत होती, हे फारसे कुणी सांगत नाही. दौंड-शिरूरकडची मुले हल्ली विचारत येतात, ‘परदेशात पीएचडी करून तिथेच लेक्चरर व्हायचंय, पैसे कोण देतं?’ तेव्हा मी आधी त्यांना केडगावची ही गोष्ट सांगतो. त्या प्रश्नाचा आपल्याकडचा इतिहास तिथून पाहिला तर नीट दिसतो.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या तेव्हा त्यांचे वय पंचवीस. नवरा आदल्या वर्षी वारलेला, पदरी दोन वर्षांची मनोरमा. १८८२ मध्ये लिहिलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा प्रवासाच्या कामी आला. पुढे राहण्या-जेवण्याचे काय? पुण्यात काम करणाऱ्या अँग्लिकन भगिनींचा मुख्य मठ वाँटेज या गावी होता, तिथे त्या उतरल्या. ठरले ते असे: हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवायचे, बदल्यात निवारा आणि इंग्रजीचे शिक्षण मिळायचे. डॉक्टर व्हायचे मनात होते, पण ऐकू कमी येऊ लागल्याने तो विचार सोडावा लागला. मग १८८४ मध्ये डोरोथिया बील यांच्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या गेल्या. तिथेही व्यवहार तोच. संस्कृत शिकवायचे आणि इंग्रजी, गणित, विज्ञान शिकायचे. आज अमेरिकी विद्यापीठ पीएचडीच्या विद्यार्थ्याला ‘टीचिंग असिस्टंटशिप’ देते, म्हणजे वर्ग घ्यायचे, पेपर तपासायचे आणि बदल्यात फी माफ व महिन्याचा खर्च मिळवायचा. रमाबाईंनी मांडलेला व्यवहार याहून फार निराळा नव्हता.

मात्र निवारा देणाऱ्यांना आपल्या मनावरही हक्क सांगावासा वाटतो, हे त्यांना लवकरच कळले. १८८५ मध्ये त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे असे घाटत होते. हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी त्याला हरकत घेतली. एका हिंदुस्थानी स्त्रीने पुरुषांना शिकवणे त्यांना प्रशस्त वाटेना. रमाबाईंनी बीलबाईंना लिहिलेली पत्रे आज उपलब्ध आहेत. माझ्या आईने शिकवले, मी शिकवले, ना वडिलांनी हरकत घेतली ना नवऱ्याने, मग तुम्ही का घेता, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. १८८३ च्या सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला होता, आणि ज्यांचे अन्न खात होत्या त्यांच्याच धर्मपीठाला त्या हे विचारत होत्या. ही पत्रे वाचताना मला त्यांच्या विद्वत्तेइतकाच त्यांच्या कण्याचा अभिमान वाटतो.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात ११ मार्चला डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला त्या हजर होत्या. तिथे त्यांनी मागितलेला पैसा स्वतःसाठी नव्हताच, तो विधवांच्या शाळेसाठी होता. मागण्याचे साधन पुन्हा पुस्तकच. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले, त्याच वर्षी बॉस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि शाळेचा खर्च दहा वर्षे उचलण्याचे तिने कबूल केले. शाळेत धर्मप्रचार व्हायचा नाही, हे त्यात गृहीत होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ही शाळा ‘शारदा सदन’ या नावाने उघडली. धर्मप्रचार न करण्याची अटच पुढे वादाचे मूळ ठरली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर शाळेच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुद्दा एवढाच की अमेरिकेचा पैसा मिळवून देणारे ते पुस्तक होते आपल्या समाजाबद्दल, आपल्याच बायकांच्या दुःखाबद्दल.

शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाचे नाव निघाले की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १ जानेवारी १९२७ च्या भेटीची आठवण निघतेच. पण त्याआधीचा बाबासाहेबांचा शिष्यवृत्तीचा कागदही तितक्याच आदराने वाचावा. ४ जून १९१३ चा बडोदा संस्थानाशी केलेला करार: तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेले, तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, कचेरीत अपमान झाला. कागदावरची अट माणसाने पाळली, समाजाने पाळू दिली नाही. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेला पगार, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये आणि शाहू महाराजांची मदत असा मेळ घालून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

आणि त्यांनी अभ्यासले काय? प्राचीन भारतातला व्यापार. भारतातल्या जाती, १९१६ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेला तो निबंध. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांचा पैसा. रुपयाचा प्रश्न. एकूण एक विषय इकडचा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या पैशाने आपल्या समाजाकडे लांबून, थंड डोक्याने पाहण्याची उसंत बाबासाहेबांना मिळाली.

जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली शिष्यवृत्ती वेगळ्या जातीची. ती कर्जाऊ असते, फेडायची असते. कोल्हापूरचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर याच टाटा शिष्यवृत्तीवर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले, किंग्ज कॉलेजचे फेलो झाले आणि १९७२ मध्ये मायदेशी परतले.

स्वातंत्र्यानंतर सरकार स्वतः दाता झाले. त्याची नांदी बाबासाहेबांनीच केली होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर करून घेतले आणि त्यातून काही जण परदेशी गेले. केंद्राची ‘नॅशनल ओव्हरसीज’ योजना १९५४-५५ पासूनची. आज तिच्या १२५ जागा आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासूनची, तिच्या ७५. केंद्राच्या योजनेत फीशिवाय अमेरिकेसाठी वर्षाला १५,४०० डॉलर आणि इंग्लंडसाठी ९,९०० पौंड निर्वाहभत्ता ठरलेला आहे. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि वय पस्तिशीच्या आत हवे.

दौंड किंवा शिरूरच्या मुलाची खरी परीक्षा मात्र तहसील कचेरीपासून सुरू होते. उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, जात पडताळणी, बापाच्या नावात एक अक्षर चुकले तर प्रतिज्ञापत्र, स्टँप पेपर, नोटरी. या फाइलीबरोबरच लिहायचा असतो तो दोन पानांचा हेतुलेख: मला हेच का शिकायचे, याच विद्यापीठात का. ज्याला शाळेपासून ‘मी’ने सुरू होणारे वाक्य लिहायची सवय नाही, त्याला हे लेखन दाखल्यांपेक्षा अवघड जाते. शिफारसपत्रांचे तसेच. ‘विद्यार्थ्याची वर्तणूक चांगली आहे’ एवढ्यावर भागत नाही, त्याने कुठला प्रश्न कसा हाताळला हे शिक्षकाने उदाहरणासह लिहावे लागते. असे पत्र लिहायला तालुक्याच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी शिकायला हवे, आणि मनावर घेतले तर एका सुट्टीत ते जमते.

सगळे जमवूनही दार बंद व्हायचे एक कारण २०२२ मध्ये नव्याने आले. केंद्राच्या योजनेच्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. या विषयांची साधने देशातच आहेत, परदेशी जायची गरज काय, असा त्यामागचा युक्तिवाद. मला तो मुळीच पटत नाही. या नियमाने ‘भारतातील जाती’ हा विषय बाद होतो. अमेरिकेत बसून हिंदू विधवांवर लिहिणेही बाद होते. ज्या वर्गाच्या नावाने ही योजना उभी आहे, त्याच वर्गाच्या मुलांनी स्वतःच्या जगण्यावर जगापुढे बोलू नये, असाच त्याचा परिणाम होतो. जोडीला पैशाची चणचण. जुलै २०२५ मध्ये १०६ जणांची निवड झाली, पण पत्रे आधी ४० जणांनाच गेली. उरलेल्या ६६ जणांना निधी आला तर, असे सांगण्यात आले. विद्यापीठाचे प्रवेशपत्र हातात असताना ‘निधी आला तर’ या तीन शब्दांवर घरदार कसे तगून राहत असेल!

एका मुलीला दौंड भागातल्या गुऱ्हाळांवर राबणाऱ्या स्थलांतरित मजुरांवर संशोधन करायचे आहे. केंद्राच्या योजनेसाठी विषय बदल, असे तिला अनेकांनी सुचवले. मी तिला ते सुचवले नाही. विद्यापीठांच्या स्वतःच्या पैशाला ही विषयाची अट नाही. अमेरिकेतली अनेक विद्यापीठे पीएचडीसाठी फी माफ करून भत्ता देतात आणि आठवड्याला वीसेक तास शिकवण्याचे काम घेतात. विनंती केल्यास पुष्कळ ठिकाणी अर्जाचे शुल्कही माफ होते. जर्मनीत पीएचडीची जागा बहुधा पगारी नोकरीच असते. तिकडे वर्ग घेण्याचा अनुभव गाठीशी येतो, आणि लेक्चररच्या जागेसाठी तोच मोलाचा. चेवनिंगसारख्या शिष्यवृत्त्या वर्षभराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमापुरत्या असतात आणि त्यानंतर मायदेशी परतून दोन वर्षे राहणे त्यांत बंधनकारक आहे. तिकडेच शिकवायचे ठरवलेल्याने हे कलम सही करण्याआधी वाचायला हवे. बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबरात संपते, म्हणून तिने गुऱ्हाळांवरच्या मुलाखती दिवाळीआधी उरकल्या आणि आता ती तिसऱ्या शिफारसपत्रासाठी योग्य प्राध्यापकाच्या शोधात आहे.