पेवांत व विहिरींत उतरण्यापूर्वीं

सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर गांव आहे. तेथील जमिनींत खणलेलीं हळदीचीं पेवें पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहेत. तोंड अरुंद व पोट रुंद असा त्यांचा आकार घागरीसारखा असतो. तोंड झांकून वर माती लिंपली म्हणजे आंतील माल कीड न लागतां दीर्घकाळ टिकतो. इ. स. २००५ च्या महापुरांत त्यांतील पुष्कळ पेवें निकामी झालीं व माल गोदामांकडे वळला. तथापि पेवाचें तत्त्व समजून घेणें आजहि अगत्याचें आहे. ज्या गुणामुळें पेव माल राखतें त्याच गुणामुळें तें माणूस मारतें. आणि तोच प्रकार पडीक विहिरींत, गोबरगॅसच्या खड्ड्यांत व आपण ज्यांचे भागधारक आहोंत त्या साखर कारखान्यांतील मळीच्या टाकींतहि घडूं शकतो.

पेव बंद झालें कीं आंतील किडे, बुरशी, माती व खुद्द माल हीं सर्व कोंडलेल्या हवेवर श्वसन करूं लागतात. बाहेरील हवेंत प्राणवायु शेंकडा २१ असतो. तो पेवांत दिवसेंदिवस घटत जातो व त्याची जागा कर्बाम्ल वायु, म्हणजे हल्लीं ज्यास कार्बन डायॉक्साइड म्हणतात तो, घेतो. प्राणवायु शेंकडा तीनाच्या खालीं गेला म्हणजे बहुतेक किडे गुदमरून मरतात. औषध न घालतां माल राखण्याची ही युक्ति आपल्या पूर्वजांस अनुभवानें साधली होती. परंतु तोंडावरील झांकण काढल्यानें आंतील हवा लगेच बदलत नाहीं. कर्बाम्ल वायु साध्या हवेच्या दीडपट जड असल्यानें तळाशीं बसून राहतो, आणि वाऱ्याची झुळूक तोंडावरून निघून जाते, पोटांत शिरत नाहीं.

म्हणूनच पेव आदल्या दिवशीं उघडावें, मग दोरीनें पेटता कंदील सोडावा, आणि तो विझला तर कोणीं उतरूं नये, अशी जुनी वहिवाट आहे. ती शास्त्रास धरून आहे. प्राणवायु शेंकडा १६-१७ च्या सुमारास आला कीं ज्योत विझते. माणूस त्या हवेंत शुद्धीवर असतो, पण त्याची धांवपळ व विचार मंदावतात. शेंकडा दहाच्या खालीं तो बेशुद्ध पडतो, आणि सहाच्या आसपास कांहीं मिनिटांतच प्राण जातो.

"जड वाटूं लागलें तर वर येईन," असें उतरणारा म्हणतो. हा भरंवसा सर्वस्वी खोटा आहे. प्राणवायु जवळजवळ नसलेल्या हवेचा श्वास घेतला म्हणजे रक्तांत असलेला प्राणवायूहि उलट फुप्फुसांत निघून जातो, आणि दोन-चार श्वासांत गुडघे लटके पडतात. शिवाय श्वास कोंडल्याची जी जाणीव आपणांस होते ती मुख्यत्वें अंगांत सांचणाऱ्या कर्बाम्ल वायूमुळें होते, प्राणवायु कमी झाल्यानें नव्हे. म्हणून नुसता नत्रवायु उरलेल्या जागेंत माणसास कांहींहि न वाटतां तो कोसळतो. ओरडण्यासहि अवसर मिळत नाहीं. विहिरींत आसरांनीं ओढून नेलें, असें आपल्याकडे म्हणत आले. त्या समजुतीमागें अशा मुक्या मृत्यूंचा अनुभव असावा, असें आम्हांस वाटतें. ओला पंचा नाकाशीं बांधल्यानें धूळ अडते, पण जो प्राणवायु हवेंत नाहींच तो पंचा कोठून आणणार?

विहिरीचा गाळ आपण वैशाख-ज्येष्ठांत काढतों. तळाशीं कुजलेला पाला असतो व जमिनीच्या पोटांतील हवाहि भेगांतून विहिरींत येत असते. बाहेरील हवेचा दाब उतरला, वळवाचें आभाळ भरून आलें, कीं ती अधिक येते. काल सुखरूप वर आलेला गडी आज त्याच विहिरींत पडतो तो यामुळें. विहिरीच्या टप्प्यावर तेलाचें इंजिन चालविण्याची कांहीं ठिकाणीं चाल आहे. ती तर सोडूनच द्यावी. त्याच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु असतो, त्यास वास नाहीं, आणि कंदील तो दाखवीत नाहीं.

कंदिलाची मर्यादा येथेंच कळते. इंग्लंडांतील खाणींच्या अपघातांचा अभ्यास करणारे जॉन स्कॉट हॉल्डेन (१८६०–१९३६) यांनीं या विषासाठीं लहान पक्षी खाणींत नेण्याची शिफारस केली. पक्ष्याचा श्वास जलद, म्हणून तो माणसाआधीं पडतो. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत ही रीत १९८६ पर्यंत चालू होती. गोबरगॅसच्या खड्ड्यापाशीं तर कंदील किंवा विडी मुळींच नेऊं नये. तेथील मिथेन वायु हवेंत शेंकडा ५ ते १५ मिसळला कीं ठिणगीनें स्फोट होतो. शेणाच्या व मळीच्या कुजण्यांतून हायड्रोजन सल्फाइडहि निघतो. त्यास प्रथम नासक्या अंड्यासारखी घाण येते; प्रमाण वाढलें कीं नाकच बधिर होतें. वास थांबला म्हणजे वायु गेला, असें समजणारा फसतो.

आतां सर्वांत दुःखाची गोष्ट. खालीं एक पडला कीं त्याचा भाऊ किंवा सोबती विचार न करतां उडी घेतो, आणि त्याच्यामागून तिसरा. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेनें १९८६ साली आपल्या इशारापत्रांत लिहिलें कीं, कोंडलेल्या जागेंत मरणाऱ्यांपैकीं शेंकडा साठांहून अधिक लोक सोडविण्यास गेलेले असतात. पुढें तिनें स्वतः तपासलेल्या प्रकरणांत हें प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरलें. तरी तें थोडें नव्हे. श्वास रोखून साठ-सत्तर शेर वजनाचा निश्चेष्ट देह शिडीनें वर आणणें पैलवानासहि साधणार नाहीं.

म्हणून सोडविण्याची तयारी उतरण्याआधीं झाली पाहिजे. उतरणाऱ्याच्या छाती-खांद्यांस पट्टा असावा, नसल्यास दोन्ही काखांखालून दोर बांधावा. कमरेस बांधूं नये. बेशुद्ध माणूस त्यांत दुमडतो व अरुंद तोंडाशीं अडकतो. दोराचें टोंक वर दोन धट्ट्याकट्ट्या माणसांच्या हातीं असावें, व तोंडावर कप्पी बसवावी. वरच्यानें सारखें बोलत राहावें. उत्तर आलें नाहीं कीं लगेच ओढावें. दोर नसतांना कोणी पडलाच तर वरून हवा सोडीत राहावें, ११२ या क्रमांकावर अग्निशामक दल बोलवावें आणि दुसऱ्यास उतरूं देऊं नये, मग तो सख्खा भाऊ असला तरी धरून ठेवावा. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमांत कारखान्यांतील टाक्या व खड्डे यांसाठीं असाच नियम होता: जाणत्या माणसानें हवा तपासून लेखी दाखला द्यावा, नाहींतर श्वसनयंत्र व दोर लावूनच माणूस उतरवावा. शेतांतील पेवास किंवा विहिरीस तो लागू नव्हता. तेथें उतरणारा बहुधा मालक नसतो, मजूर असतो. म्हणून ही जबाबदारी मालकानेंच पत्करली पाहिजे.

हवा भरण्यास विजेचा पंखा व तळापर्यंत पोंचणारी रुंद नळी पुरे. ती उतरण्यापूर्वीं बराच वेळ चालवावी आणि काम संपेपर्यंत बंद करूं नये. गोबरगॅसच्या खड्ड्याशीं मोटार तोंडापासून दूर, वारा येतो त्या बाजूस ठेवावी. प्राणवायु, ज्वालाग्राही वायु, कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे चारहि मोजणारें हातांत मावेल एवढें यंत्र आतां मिळतें. प्रत्येकानें तें घेणें शक्य नाहीं. गांवच्या सोसायटीनें एक घेऊन पट्टा, कप्पी व नळीसह कचेरींत ठेवावें आणि मागेल त्यास द्यावें. यंत्र दोरीनें सोडून वर, मध्यें व तळाशीं अशा तीन ठिकाणीं वाचावें, आणि प्राणवायु शेंकडा १९.५ हून कमी दिसल्यास पंखा पुन्हां चालू करावा. यंत्रांतील मापक भाग कालांतरानें निकामी होतात, म्हणून तें उत्पादकानें सांगितलेल्या मुदतींत तपासून घ्यावें, व तपासल्याची तारीख त्यावरच चिकटवावी.