साम्राज्याची माणसे कशी मोजायची?

समजा आपण १९०१ सालच्या रोह्यात आहोत. कुंडलिकेच्या काठावरून ईशान्येला पालीकडे निघालात, तर भोर संस्थानची हद्द लागेल. नैऋत्येला मुरुडकडे गेलात, तर जंजिऱ्याच्या नबाबाचा मुलूख लागेल. पेण आणि रोहा हे तालुके मात्र कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखाली होते. (हाच जिल्हा १९८१ पासून रायगड म्हणून ओळखला जातो.)

आता प्रश्न असा, की ब्रिटिश साम्राज्याची लोकसंख्या काढताना पेण-रोह्याची माणसे धरायची हे ठीक. पण पाली आणि मुरुडच्या माणसांचे काय? तेथील संस्थानिक आपापला कारभार पाहत, पण वरची सत्ता इंग्रजांचीच होती. ग्रहाभोवती उपग्रह फिरावेत तशी ही संस्थाने साम्राज्याभोवती होती. त्यांना वगळायचे की धरायचे, यावर उत्तर किती बदलते पाहा. १९०१ च्या गणतीत थेट अमलाखालील प्रांतांत २३ कोटी १९ लाख माणसे भरली आणि संस्थानांत ६ कोटी २५ लाख. म्हणजे हिंदुस्थानातील दर पाच माणसांमागे एक जण संस्थानी प्रजेपैकी होता! जगभर पसरलेल्या साऱ्या साम्राज्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे ४० कोटी होती. तिच्यात जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा एकट्या हिंदुस्थानचा.

हद्द ठरली, तरी मोजायचे कसे? माणसे एका जागी थोडीच बसतात! पेणच्या मिठागरावरचा मजूर, रोह्याच्या खाडीतला नावाडी, बाजाराला आलेला वाटसरू यांपैकी कोणी दोनदा मोजला जाईल, तर कोणी एकदाही नाही. म्हणून प्रगणक आधी घरोघर जाऊन माहिती लिहून ठेवीत आणि १ मार्च १९०१ च्या रात्री पुन्हा फिरून ती तपासून घेत. सर्वांची मोजदाद एकाच वेळेची असावी, हा त्यामागचा हेतू. अशी एकाच वेळेची गणती आपल्या देशात प्रथम १८८१ साली झाली. १८७२ ची गणती निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या वेळी झाली होती.

या दोन गणतींचे आकडे शेजारी ठेवा. १८७२ साली २० कोटी ६२ लाख, १८८१ साली २५ कोटी ३९ लाख. नऊ वर्षांत पावणेपाच कोटींहून अधिक वाढ! देशात सुबत्ता आली असेल, असे कोणालाही वाटेल. पण त्याच काळात, १८७६ ते १८७८ मध्ये, दख्खन आणि मद्रासकडे भीषण दुष्काळ पडून लाखो माणसे दगावली होती. मग वाढ आली कोठून? सरकारी हिशेबानुसार सुमारे ३ कोटी ३० लाखांची भर पडली ती हैदराबाद, राजपुताना असे पूर्वी न मोजलेले मुलूख यादीत आल्यामुळे. सुमारे १ कोटी २० लाख माणसे मोजणी सुधारल्यामुळे सापडली. खरी वाढ होती अवघी ३० लाखांच्या आसपास. हद्दीचा विचार न करता नुसती वजाबाकी केली असती, तर एवढा मोठा दुष्काळ आकड्यांआड दडून गेला असता.

साम्राज्य प्राचीन असेल, तर काम आणखी अवघड. इसवी सन १४ मध्ये रोमच्या सम्राटाने ४९ लाख ३७ हजार नागरिक नोंदवले. त्यांत बायकामुले धरली होती की फक्त प्रौढ पुरुष, यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. बेलोख या जर्मन इतिहासकाराने १८८६ साली साऱ्या रोमन साम्राज्याचा अंदाज ५ कोटी ४० लाख असा बांधला. ती मोजणी नव्हे, अनुमान आहे.

असे अनुमान तुम्हीही करू शकता. आपल्या वाडीतील घरे मोजा. समजा १२० भरली. त्यांतील कोणत्याही दहा घरांत किती माणसे राहतात ते विचारा. सरासरी ५ आली, तर वाडीत ६०० माणसे असावीत. पण ती साडेचार ते साडेपाच यांच्या दरम्यान कोठेही असू शकेल, असे वाटले तर उत्तर ५४० ते ६६० असे लिहा. बंद घरांकडेही लक्ष द्या. त्यांतले कोणी मुंबईला गेले असेल, कोणी वीटभट्टीवर. त्यांना धरले की वगळले, आणि कोणत्या दिवशी मोजले, हे उत्तराशेजारी लिहायला विसरू नका.