पांढरे रस्ते आणि पांदणवाटा

ग्रॅव्हल सायकलिंग म्हणजे खडी, मुरूम किंवा माती यांच्या कच्च्या रस्त्यांवरून, मोटारींची वर्दळ टाळत, लांब पल्ल्याची सायकल चालवणे. गुळगुळीत डांबरावर धावणारी रेसिंगची सायकल आणि खडकाळ उतारांवरून उड्या घेणारी माउंटन बाइक या दोहोंच्या मधली जागा या प्रकाराने घेतली आहे. खेळ म्हणून त्याचे नाव अमेरिकेत रूढ झाले. पण अशा रस्त्यांवरच्या सायकलीची जुनी ओढ इटलीत दिसते. सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने पहिली जागतिक ग्रॅव्हल अजिंक्यपद स्पर्धा भरवली तीही २०२२ साली, इटलीच्याच व्हेनेतो प्रांतात.

इटलीतले सर्वांत प्रसिद्ध कच्चे रस्ते तोस्काना प्रांतात, सिएना शहराच्या आसपास आहेत. चुनखडीयुक्त मातीमुळे ते पांढुरके दिसतात आणि तिथे त्यांना ‘स्त्रादे बियान्के’, म्हणजे पांढरे रस्तेच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर वाटेकरी शेतीची पद्धत मोडली, कुळे शेत सोडून शहरांतल्या कारखान्यांकडे गेली आणि द्राक्षमळ्यांतून जाणारे अनेक रस्ते डांबर न पडताच राहिले. पुढे डांबरीकरण त्यांच्यापर्यंतही पोचू लागले. तेव्हा जानकार्लो ब्रोच्ची यांनी १९९७ साली गायोले इन कियांती या गावातून ‘लेरोइका’ ही सायकलफेरी सुरू केली. जुन्या रस्त्यांवर जुन्याच सायकली चालवायच्या, असा तिचा नेम. सायकल १९८७ पूर्वीच्या बनावटीची हवी आणि गिअरची दांडी हँडलवर नव्हे तर चौकटीच्या नळीवर हवी. हौस म्हणून सुरू झालेल्या या फेरीमुळे रस्ते राखण्याला स्थानिक मान मिळाला. आता तिचा २०९ किलोमीटरचा मार्ग पाट्या लावून कायमचा आखलेला आहे, तो वर्षभर कोणालाही खुला असतो. २००७ पासून याच रस्त्यांवर व्यावसायिक खेळाडूंची शर्यत होते. ती सिएनाच्या मुख्य चौकात संपते.

डोंगराळ भागातली गोष्ट निराळी आहे. आल्प्समधले कच्चे रस्ते बहुतेक लष्कराने बांधलेले आहेत, तोफा आणि रसद किल्ल्यांपर्यंत चढवण्यासाठी. पिएमोंतेमधला कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा २१७८ मीटर उंचीचा घाट त्यांपैकीच एक. त्याच्या चढाचे शेवटचे जवळजवळ ८ किलोमीटर आजही बिनडांबरी आहेत. २००५ मध्ये ‘जिरो दितालिया’ ही शर्यत प्रथम या घाटातून गेली. २०१८ मध्ये सायकलपटू क्रिस फ्रूमने त्या दिवसाच्या टप्प्याच्या अंतिम रेषेपासून ८० किलोमीटर अलीकडे, याच चढावर सगळ्यांना मागे टाकले आणि ती जिरो जिंकली. जवळच असलेल्या आसिएत्ता या उंच कड्यावरच्या रस्त्याला जुलै-ऑगस्टमध्ये बुधवारी आणि शनिवारी दिवसा मोटारींना बंदी असते. दोलोमीती पर्वतरांगेत तर एका बंद पडलेल्या रेल्वेचा मार्गच सायकलींना मिळाला. कालाल्त्सो ते दोब्बियाको ही अरुंद रुळांची गाडी १९६४ मध्ये थांबली. कोर्तीना ते दोब्बियाको या टप्प्यात जुन्या बोगद्यांतून आता खडीची सायकलवाट जाते. या उदाहरणांत निसर्गापेक्षा ठरावांचे काम जास्त आहे: एखाद्या रस्त्यावर डांबर घालायचे नाही आणि ठरलेल्या वेळी मोटार येऊ द्यायची नाही, हे कोणीतरी मुद्दाम ठरवले म्हणून ते रस्ते उरले.

मराठवाड्याच्या ईशान्येला असलेल्या हिंगोली जिल्ह्यात असे कोणी ठरवलेले नाही. तरीही मोटारीविना लांबवर जाणारा कच्चा रस्ता इथल्या प्रत्येक शिवारात आहे, ती पांदण. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ अशा पाच तालुक्यांचा. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या त्याच्या मुख्य नद्या. औंढ्याच्या आणि कळमनुरीच्या बाजूला बसाल्टच्या टेकड्या, दऱ्या आणि माळ. दक्षिणेला वसमतकडे सपाट, काळी, कालव्याच्या पाण्याची जमीन. आल्प्सच्या मानाने ही उंची काहीच नाही, पण टेकडीमागून टेकडी अशा वाटेवर दिवसभर चढउतार करून पाय तेवढेच बोलतात.

पांदण म्हणजे गावठाणातून शेतात, किंवा एका गावातून दुसऱ्या गावाला जाणारी गाडीवाट. दोन्ही बाजूंना बांध, बांधावर बाभळी, बोरी, निवडुंगाचे कुंपण आणि मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या. गाव नकाशात ती तुटक रेषांनी दाखवतात. गाडीमार्गाला तुटक दुहेरी रेष आणि साधारण साडेसोळा ते एकवीस फूट रुंदी. पायवाटेला एकेरी तुटक रेष आणि सव्वाआठ फूट. यांतले विचित्र आकडे जुन्या मोजणीच्या ३३ फुटी साखळीतून आले आहेत: साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी, सव्वाआठ म्हणजे पाव. गुंठाही याच साखळीचा चौरस आहे, ३३ गुणिले ३३ फूट.

नकाशावरची रुंदी जागेवर क्वचित सापडते. दरवर्षी नांगराचे एकदोन तास पांदणीत सरकतात आणि दहावीस वर्षांत गाडीची वाट पाऊलवाट होते. यासाठी कायदे आहेत. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार तहसीलदार अडवलेली वहिवाट मोकळी करून देऊ शकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार बांधावरून नवा रस्ताही देता येतो. तहसील कचेरीत रस्त्याच्या तंट्यांची संख्या पाहिली की शेतकऱ्याला हा रस्ता किती प्यारा आहे हे कळते. ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि उसाची गाडी शेतात जाणार नसेल, तर पीक उभे असूनही हाती येत नाही.

२०२१ मध्ये राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली. तिच्यात रोजगार हमीच्या कामाशी इतर निधीची सांगड घातली गेली, कारण रोजगार हमीत मजुरीचा वाटा साठ टक्के लागतो आणि मुरूम-खडीच्या रस्त्याला साहित्यच अधिक लागते. चांगल्या पांदणीचे गमक डांबरात नाही, पाणी काढून देण्यात आहे. दोन बांधांच्या मधोमध असलेली पांदण शेतापेक्षा खोल असते, म्हणून पावसात तीच ओढा होते. दोन्ही बाजूंना चर काढायचे, मधला भाग किंचित उंच ठेवायचा, मग मुरमाचा थर पसरून पाणी मारून रोलर फिरवायचा. मुरूम म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला बसाल्टच, आणि तो औंढ्याच्या टेकड्यांत हवा तेवढा आहे. दाबून बसलेल्या मुरमावर बैलाचा खूरही टिकतो आणि सायकलचे चाकही पळते. सायकलवाल्याच्या दृष्टीने रस्त्याचे एवढेच काम झाले की पुरे. त्यावर डांबर पडले की मोटारसायकली येतात, मागोमाग जीप येते.

या रस्त्याला कोणती सायकल लागते, याचे उत्तर जरा गमतीचे आहे. आधुनिक ग्रॅव्हल सायकलचा टायर सहसा ३८ ते ५० मिलिमीटर रुंद असतो. रेसिंग सायकलमध्ये चौरस इंचाला ८०-१०० पौंड हवा भरतात, तर इथे ३०-४० पौंड पुरते. कमी हवेमुळे टायर खड्याला दबतो, उसळत नाही, आणि पकड टिकते. हँडल खाली वळलेले पण टोकांशी फाकलेले, ब्रेक डिस्कचे, गिअर चढासाठी हलके. आता हिंगोलीच्या बाजारातली काळी दणकट सायकल पाहावी. तिचा २८ बाय दीड इंचाचा टायर मोजला तर साधारण ४० मिलिमीटर भरतो. म्हणजे ग्रॅव्हलच्या महागड्या टायरएवढाच. दूधवाल्यांनी, शाळेच्या पोरांनी आणि पोस्टमनने जी सायकल पिढ्यान्‌पिढ्या पांदणीतून हाकली, तिच्या चाकात फरक फारसा नाही. फरक वजनात, एकाच गिअरमध्ये आणि पाऊस लागला की हात टेकणाऱ्या रॉडब्रेकमध्ये आहे.

टायरची खरी परीक्षा काट्यांवर होते. वेडी बाभूळ, साधी बाभूळ, बोर आणि जमिनीलगत पसरलेला सराटा यांनी पांदण भरलेली असते. बांध छाटून फांद्या रस्त्यात टाकल्या की पंक्चर नक्की. ट्यूबविरहित टायरमध्ये लिक्विड घातले असेल तर सराट्याचे बारीक छिद्र आपोआप बुजते. बाभळीचा लांब काटा मात्र तिथेही सोडत नाही. सोबत सोल्युशन, ठिगळे आणि पंप बाळगणे यात कमीपणा नाही.

ऋतूचा हिशेब आणखी कडक आहे. जिल्ह्यातली खोल काळी माती माँटमोरिलोनाइट या चिकणमातीची आहे. ती पाणी प्याली की फुगते, वाळली की तडकते. पहिल्या मोठ्या पावसानंतर ती टायरला चिकटते, मडगार्डात भरते आणि शंभर पावलांत चाक फिरायचे थांबते. तोस्कानातही चिखलाने असाच हिसका दाखवला आहे. २०१० च्या जिरोमध्ये माँताल्चिनोच्या कच्च्या रस्त्यांवर पाऊस कोसळला आणि जगातले नामवंत सायकलपटू चिखलाने माखून ओळखेनासे झाले. हिंगोलीत जूनपासून दसऱ्यापर्यंत मुरूम पडलेली वाट सोडून इतर पांदणींत शिरू नये. मार्चपासून ऊन चाळिशी पार करते. दिवाळीनंतरचे चार महिने तेवढे उत्तम. सोयाबीन निघालेले असते, तूर फुलात असते, हरभरा आणि गहू हिरवा असतो. वसमतच्या भागात हळद शिजवण्याच्या कढयांचा धूर जानेवारीपासून दिसू लागतो. याच दिवसांत उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पांदणीत उतरतात. त्यांना वाट देणे सायकलवाल्याचे काम, कारण रस्ता त्यांच्यासाठीच आहे.

जायचे कुठे, तर आधी राष्ट्रीय महामार्ग १६१ सोडावा. अकोला–नांदेड दरम्यान हिंगोली आणि कळमनुरीला जोडणारा हा रस्ता वेगवान झाला, तशी त्याच्या कडेने सायकल चालवण्यातली मौज गेली. कयाधूच्या काठाकाठाने नर्सीकडे जाणाऱ्या वाटांना जुना आधार आहे. संत नामदेवांचे ते गाव, आणि तिथे पायी येणाऱ्या वारकऱ्यांच्या पायांखाली त्या वाटा राबत्या राहिल्या आहेत. औंढ्याचे नागनाथ मंदिर काळ्या दगडाचे, बारा ज्योतिर्लिंगांतले. त्याच्याभोवतीच्या टेकड्यांतून माळरानाच्या वाटा फुटतात. औंढ्याजवळच दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी मोजणाऱ्या लायगो-इंडियाचे केंद्र उभे राहत आहे. त्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या या उपकरणाला जमिनीची बारीकशी थरथरही चालत नाही. म्हणून वर्दळीपासून लांबची जागा शोधावी लागली. शांततेचे इतके काटेकोर प्रमाणपत्र फारच थोड्या परिसरांना मिळते.

चढ नको असलेल्यांसाठी कालव्यांच्या कडेचे रस्ते आहेत. पूर्णा प्रकल्पातल्या येलदरीच्या खालचे सिद्धेश्वर धरण औंढा तालुक्यात आहे. त्याचा कालवा वसमतच्या मैदानाला पाणी देतो. कालवा समपातळीला धरून वळत जातो, त्यामुळे त्याच्या कडेची तपासणीची वाट मैलोन्‌मैल जवळजवळ सपाट राहते. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचे कालवेही कळमनुरीच्या बाजूला अशीच वाट देतात. या वाटा पाटबंधारे खात्याच्या मालकीच्या आहेत. म्हणून जाण्यापूर्वी जवळच्या शाखा कार्यालयात विचारलेले बरे. पाटाला पाणी सोडलेले असताना कडेचा भराव ओला आणि निसरडा होतो. तेव्हा तिथे सायकल हातात धरून चालावे.